पिवळा डबा आणि फणसाचा डबा

गोव्यातल्या सर्वण गावच्या कृष्णनाथाला निवृत्त झाल्यावर लोकांनी पुष्कळ सल्ले दिले. कोणी म्हणालं माडा-पोफळीच्या कुळागरात लक्ष घाल, कोणी म्हणालं देवळाच्या समितीवर ये. त्याने सगळं दोन्ही कानांनी ऐकून घेतलं आणि त्याच दोन कानांवर हेडफोन चढवून बसला. तेव्हापासून त्याच्या घराची पुढची खोली म्हणजे जुन्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरांचा दवाखाना झाली होती.

हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर ही काय चीज आहे ते वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं. फोनला किंवा टेपला एक डबा जोडायचा, डब्याला हेडफोन जोडायचा, म्हणजे आवाज नुसता मोठा नव्हे तर भरदार आणि मोकळा ऐकू येतो. एवढ्यासाठी डबा, असं जो तो विचारी, आणि कृष्णनाथ प्रत्येकाला कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवून ऐकवी. ऐकून झालं की तो माणूस "बरा आसा" म्हणून चहा पिऊन घरी जाई. पणजी-म्हापशाकडच्या चार शौकिनांना मात्र त्याची महती कळली होती. ते आपले तीस-तीस वर्षांचे मुके झालेले डबे त्याच्याकडे धाडत, आणि हा डबा उघडून, आतली बुरशी पुसून, कुठे काय मेलं आहे ते शोधत बसे. डबा बोलू लागला की त्याची खरी मजा सुरू होई. शेजारी दुसरा डबा ठेवायचा, एकच गाणं दोन्हींतून ऐकायचं आणि कोणाचा आवाज कसा ते वहीत लिहायचं. 'घोगरा पण प्रामाणिक', 'वरून गोड, आत काही नाही', असे शेरे त्याच्या वहीत असत. गावातल्या कित्येक माणसांनाही ते चपखल बसले असते.

पण कपाटावरचा पिवळा डबा त्याने कधी कोणाशी ताडून पाहिला नव्हता. तो त्याने स्वतः बनवलेला होता.

त्याची गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. कृष्णनाथ तेव्हा डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होता, आणि त्याच्याबरोबर पेडण्याचा जयराम. दोघे खाणीच्या खोल्यांत राहत. एका खोलीत सहा माणसं, तिघांची पाळी दिवसाची, तिघांची रात्रीची. म्हणजे खोलीत कधीही बघावं तर कोणीतरी झोपलेलं. रेडिओ लावला की शिव्या. त्यावर उपाय म्हणून दोघांनी हेडफोनचे डबे बनवायला घेतले. कृष्णनाथाने मोडीत निघालेल्या डंपरचा पत्रा वाकवून डबा केला आणि त्याला डंपरचाच पिवळा रंग दिला. जयरामने फणसाच्या फळीची पेटी केली. सर्किट दोघांचं ज्याच्या त्याच्या डोक्यातलं. एकमेकांना दाखवायचं नाही असं ठरलं होतं, आणि दोघांनी ते पाळलं.

त्या वर्षी दसऱ्याला वर्कशॉपात यंत्रांची पूजा झाली आणि सावंतवाडीकडचे एक साहेब गमतीने म्हणाले, बघू तुमचे डबे. साहेब ते मागणार याचा अंदाज होताच, म्हणून दोन्ही डबे आदल्या संध्याकाळपासून टेबलावर मांडलेलेच होते. साहेबांनी हेडफोन घातला, हा ऐकला, तो ऐकला, डोळे मिटले आणि फणसाच्या पेटीवर हात ठेवला. खेळ तिथेच संपला असता. पण पुढच्या महिन्यात वायरलेसच्या खोलीत एक जागा झाली, आणि साहेबांना कोण आठवला, तर जयराम. जयराम पंख्याखाली खुर्चीत बसला आणि कृष्णनाथ खाणी बंद पडेपर्यंत डंपरखाली उताणा पडून राहिला. मैत्री तुटली नाही. दोघे एकमेकांच्या मुलांच्या लग्नात जेवले, गणेश चवथीला जाणं-येणं राहिलं. पण साहेबांचा तो हात कृष्णनाथाच्या मनातून काही हलला नाही. आपला डबा खरंच कमी होता का, हे त्याला एकदा कळायला हवं होतं. कमी होता तर होता. पण कळायला हवं.

आणि यंदा, होळीचा शिगमो आटपल्यावर, जयरामने आपली फणसाची पेटी दुरुस्तीला पाठवली. पेडण्याहून कोणी ओळखीचा डिचोलीला येणार होता, त्याच्या हाती भाताच्या पिशवीत गुंडाळून. मागोमाग फोन आला.

"आवाजच गेलो रे तेचो," जयराम म्हणाला. "नुसतो घूं करता. मीच उघडलो असतो, पण माझो हात आता कांपता. सोल्डरिंगचो आयर्न धरूक जमणा नाय."

"मी बघतंय," कृष्णनाथ म्हणाला. फोन ठेवून त्याने लगेच पिशवी सोडली.

पेटी उघडली आणि तो बराच वेळ नुसता बघत राहिला. सत्तावीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच त्या पेटीच्या पोटात डोकावायला मिळत होतं. कपॅसिटर सुकले होते, व्हॉल्यूमचं बटण खरखरत होतं, एका कोपऱ्यात पालीची दोन रिकामी अंडी होती. पण काम! प्रत्येक जोड लहान आणि चकचकीत. डाव्या बाजूला जो रेझिस्टर, त्याच्या जोडीचा उजव्या बाजूला, आणि दोन्हींच्या पायांना एकाच रंगाचा दोरा बांधलेला. म्हणजे या बाबाने पसाभर रेझिस्टर घेऊन, एकेक मोजून, जुळ्या भावांसारख्या जोड्या लावल्या होत्या. कृष्णनाथाने आपला पिवळा डबा भरला होता तो हाताला येईल त्यातून. त्याने ते दोरे पाहिले न पाहिल्यासारखे केले.

दुरुस्ती त्याने चोख केली. त्यात त्याला बोल लावायची सोय नाही. कपॅसिटर आणले ते दोन डब्यांचे, एकाच खोक्यातले, आणि पिवळ्यातही तेच घातले, म्हणजे याला नवं आणि त्याला जुनं असा भेद नको. मग त्याने दोन्हींचा आवाज मल्टिमीटर लावून अगदी एकसारखा केला. मोठा आवाज तो बरा वाटतो, हा माणसाच्या कानाचा जुना दुर्गुण; त्यात फसणारा तो नव्हता. गाणं म्हणून गेल्या चवथीला स्वतः रेकॉर्ड केलेली घुमट आरती घेतली. घुमटाचा खोल ठोका आणि कासाळ्यांचा, म्हणजे मोठ्या झांजांचा, झणकार, दोन्ही आले म्हणजे डब्याला कुठे लपायला जागा नाही. डबे टॉवेलाखाली झाकले. मध्ये एक स्विच बसवला. उजवीकडे फिरवला की पिवळा बोले, डावीकडे फिरवला की फणसाचा.

"आता मी आयकून उपयोग नाय," तो बायकोला, सुलोचनेला म्हणाला. "आपला तो बाब्या होतलो. दुसऱ्यांका आयकवूया."

"म्हणजे पयली मीच," सुलोचना पदराला हात पुसत म्हणाली.

त्याने तिला कदेलीवर बसवली, डोळे मिटायला लावले, हेडफोन चढवला. एकदा इकडे, एकदा तिकडे, असं तीनदा फिरवलं. मग गंभीर चेहऱ्याने समोर उभा राहून विचारलं, "सांग. उजवो काय डावो?"

"उजवो," सुलोचना म्हणाली.

कृष्णनाथाने वहीत खूण केली. 

मग शेजारची सेजल आली. पणजीला सरकारी कचेरीत जाणारी, बसमध्ये जाता-येता कानात गाणी घालून बसणारी; तिचा कान तयार असणार असा त्याचा होरा. सेजल म्हणाली, "उजवो, काका." मग देवळाचा खजिनदार आला, तो उजवो. त्याची बायको, उजवो. टपाल द्यायला आलेली बाई, उजवो. दोन दिवसांत अकरा माणसं त्या कदेलीवर बसली आणि अकराही जणांनी उजवा सांगितला. कृष्णनाथ घरातल्या घरात फिरताना आरती गुणगुणू लागला. सुलोचनेने त्याला इतका खूश थोरल्याच्या बारशालाही पाहिला नव्हता.

बारावा होता पदेर, म्हणजे पाववाला, मिंगेल. तो रोजच्यासारखा सकाळी भोंगा पोंपों वाजवीत सायकलवरून पोयी घेऊन आला आणि कृष्णनाथाने त्यालाही ओढून आत बसवला. मिंगेलने शांतपणे ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाला, "डावो, पात्रांव."

"डावो? कित्याक?"

"कासाळां वाजली की मागीर जो नाद उरता, तो डाव्यात चड वेळ उरता." आणि तो चार पोयी मोजून देऊन निघून गेला.

कृष्णनाथाने वहीत मिंगेलच्या नावापुढे लिहिलं, 'रोजच्या पोंपोंनी कान गेलेला.' अकरा विरुद्ध एक. आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसं, दुपारचं जेवण व्हायच्या आधीच त्याने पेडण्याला फोन लावला.

"पेटी बरी झाली, जयराम. आणि आयक, दोनूय डबे लोकांका आयकवलंय. झाकून, हां. बारा माणसां. अकरांनी माझो सांगलो."

 पलीकडे कोंबडा आरवला.

"बरा झाला," जयराम म्हणाला. "अकरा म्हणजे काय विचारूक नको. मग असा कर, ती पेटी तुझ्याकडेच ठेव. मी आयतवारी येतंय. माझो आयर्न, मीटर, सगळी हत्यारां घेवन येतंय. माका आता काय करूची ती. तुझ्या हातात शोभतत."

"अरे तसा कशाक..." कृष्णनाथ म्हणू लागला, पण फोन बंद झाला होता.

जिंकल्यावर जे वाटायला हवं ते त्याला वाटलं, पण जेमतेम चहा होईपर्यंत. मग मिंगेल आठवला. नादाबद्दल बोलणारा, कारण सांगणारा तो एकटाच होता. बाकी अकरा जणांना 'का' म्हणून विचारलं तेव्हा सगळ्यांचं उत्तर एकच होतं, 'बरो वाटता'. कृष्णनाथाला जन्मभर एक खोड होती. यंत्रात एखादी गोष्ट कारणाशिवाय बरी चालली तरी त्याला झोप येत नसे.

दुसऱ्या दिवशी त्याने मिंगेलला खोटा पाडायचं ठरवलं. टॉवेलाखाली हात घालून वायरी बदलल्या; आता उजवीकडे फणसाचा, डावीकडे पिवळा. मिंगेलला बसवला.

"आज उजवो," मिंगेल म्हणाला.

"काल डावो म्हणी होतंस."

"काल जाल्लें तें काल. आज नाद उजव्यात उरता." मग त्याने टॉवेलाकडे बघितलं. "तुमी बदललो काय?"

कृष्णनाथाने मान हलवली. मिंगेल दोन्ही दिवस फणसाच्या पेटीलाच चिकटून होता. म्हणजे त्याचा कान गेलेला नव्हता. चांगला शाबूत होता.

त्याने सुलोचनेला हाक मारली. वायरी होत्या तशाच, उलट्या. तीनदा फिरवलं.

"उजवो," सुलोचना म्हणाली.

म्हणजे फणसाचा. पहिल्या वेळी तिने पिवळा निवडला होता. संध्याकाळी सेजल बसमधून उतरून घरी जात होती, तिला अडवलं. "उजवो, काका. परवाचोच ना?" कृष्णनाथ मान खाली घालून हो म्हणाला. पण त्याला आता कुतूहल वाटू लागलं होतं. कुठे आहे हा दोष? स्विचच्या उजव्या पत्र्याचा जोड जास्त चांगला लागत असेल का? त्याने स्विच उघडून घासला. आवाज पुन्हा मोजला. कणाचाही फरक नाही. मग त्याला एक कल्पना सुचली. त्याने फणसाची पेटी बाजूला काढली आणि स्विचच्या दोन्ही बाजूंना एकटा पिवळा डबाच जोडला. आता उजवीकडे फिरवा नाही तर डावीकडे फिरवा, बोलणार एकच.

"सुलोचना, शेवटचा. जरा बस."

सुलोचना वैतागून बसली. तिची भाजी चुलीवर होती. त्याने स्विच इकडे केला, तिकडे केला. "सांग. उजवो काय डावो?"

"उजवो," ती डोळे न उघडता म्हणाली. "आणि यावेळी तर अगदीच उजवो."

"सुलोचना, दोनूय बाजूंक एकच डबो आसा."

तिने हेडफोन काढला. आधी तिला राग आला. "मगे माका विचारलास कित्याक?" मग ती त्याच्याकडे, त्याच्या गंभीर चेहऱ्याकडे, जोडल्यासारख्या हातांकडे बघत राहिली आणि तिला हसू आलं. "तुमी असे समोर उभे रवतास, गुरव उभो रवता तसे. नी विचारतास, उजवो काय डावो. माझ्या तोंडातसून दुसरा काय येतला? जल्मभर देवाकडे प्रसाद घेतलो आसा."

कृष्णनाथ कदेलीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला. प्रसाद घ्यायचा, म्हणजे कौल लावायचा: देवाच्या अंगावर दोन्हीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातलं गाऱ्हाणं सांगायचं, आणि कुठली आधी पडते ते बघायचं. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. लग्न ठरवताना, घर बांधताना, पोराला दूर धाडताना, या गावातल्या प्रत्येक माणसाने श्वास रोखून कधी ना कधी 'उजवी, उजवी' असंच म्हटलेलं. देवाची उजवी ती आपल्या डाव्या हाताची, हा भाग वेगळा. पण 'उजवी' हा शब्द ऐकला की जीव भांड्यात पडतो, हे अंगात मुरलेलं. अकरा माणसांनी त्याच्या डब्याला मत दिलंच नव्हतं. त्यांनी उजव्या बाजूला दिलं होतं. आणि पिवळा डबा उजवीकडे कोणी ठेवला? त्याने स्वतःच, विचारसुद्धा न करता.

मिंगेल ख्रिस्ती; त्याने असा प्रसाद कधी घेतला नव्हता, म्हणून तो नुसता ऐकू शकला.

मग आणखी एक गोष्ट त्याच्या डोक्यात आली आणि तो कपाटातला जुना अल्बम काढून बसला. दसऱ्याचा फोटो सापडला. लेथ मशीनला झेंडूच्या माळा, साहेबांच्या डोक्यावर हेडफोन, समोर दोन डबे. साहेबांच्या उजव्या हाताला फणसाची पेटी, डाव्या हाताला पिवळा डबा. सावंतवाडीकडचे साहेब, कौलाशिवाय तिकडेही पान हलत नाही.

"म्हणजे तोय निकाल फुकट, नी ह्योय फुकट," तो सुलोचनेला म्हणाला.

"मग आता?"

"आता काय."

आता काय, हाच तर प्रश्न होता. आयतवार दोन दिवसांवर. जयराम हत्यारं घेऊन येणार, पेटी देऊन टाकणार, आणि सगळा कारभार आपल्या मनासारखा होणार. कृष्णनाथाने तोंडात मिठाची गुळणी धरली तर कोणाला काय कळणार होतं? सत्तावीस वर्षांनी हातात आलेली गोष्ट होती ती. सोडायला जड जात होती, हे त्याने स्वतःपाशी कबूल केलं. पण हातात आलेली गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असताना तिचं करायचं काय? आणि खरं काय आहे ते अजूनही त्याला माहीत नव्हतंच.

आयतवारी जयराम दहाच्या सुमाराला आला. गेल्या चवथीपेक्षा बारीक झाला होता. खांद्यावरची कापडी पिशवी त्याने दोन्ही हातांनी खाली ठेवली. आत सोल्डरिंग आयर्न, मीटर, चिमटे, सगळं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं. सुलोचनेने चहा आणि मिंगेलचा पाव आणला. जयरामने कप दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत थोडा सांडला.

"भावजी, उंडो घेयात," सुलोचना म्हणाली. जयरामने मान हलवली, घेतला नाही.

कृष्णनाथ म्हणाला, "जयराम, मी तुका फोनवर सांगलंय ता खरा न्हय." आणि त्याने सगळं सांगितलं. मिंगेल, उलटलेल्या वायरी, दोन्हीकडे एकच डबा, प्रसाद. शेवटी फोटो पुढे केला. "साहेबांचोय निकाल तसोच. तुझी पेटी उजवीकडे होती. बघ."

जयरामने फोटो हातात घेतला नाही. पडवीतून दिसणाऱ्या माडांकडे बघत बसला. सुलोचना कप उचलायला आली होती, ती तशीच दारात थांबली.

"माका माहीत आसा," जयराम म्हणाला.

"काय माहीत आसा?"

"टेबल तू मांडलं होतंस. आदल्या संध्याकाळी. तुझो डबो उजवीकडे, माझो डावीकडे." त्याने हातात हात धरला, थरथर थांबावी म्हणून. "मी दसऱ्याच्या दिसा पाच वाजता इल्लंय. सायकलीन, काळोखात. वर्कशॉपात कोण नव्हता. दोनूय डबे बदलून ठेवलंय नी गेलंय."

कृष्णनाथाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"माझो बापूस पेडण्यात देवळात पाकळ्यो लावी," जयराम पुढे बोलला. "मी बारको असताना बाजूक बसान बघी. पाकळी डावी पडली की माणसां परत विचारतत. उजवी पडली की उठतत नी घराक जातत. साहेब सावंतवाडीचो. तो उजवीकडेच हात ठेवतलो, माका पक्का माहीत होता." त्याने पिशवीकडे बघितलं. "मग ती वायरलेसची नोकरी. तू डंपराखाली, मी पंख्याखाली. किती वेळा सांगूक इलंय, कृष्णा. तुझ्या चेडवाच्या लग्नात तर तोंडार इल्ला. परवा तू म्हणालंस अकरांनी तुझो सांगलो, तेव्हा माका वाटला, बरा झाला, देवान फेडून घेतला. म्हणान सगळा घेवन इलंय."

कृष्णनाथाच्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा वर्षं तेलात माखलेले हात, खोकला, धूळ, आणि हा माणूस त्याच्या चवथीला येऊन करंज्या खात होता. तो उठून अंगणात गेला, तुळशीपाशी उभा राहिला. परत आला तेव्हाही राग होताच, पण त्याच्या आत ती जुनी खोड पुन्हा टोचू लागली होती. साहेबांचा निकाल खोटा, अकरा जणांचाही खोटा. मग खरा कुठला?

"ऊठ," तो जयरामला म्हणाला. "आज सोक्षमोक्ष लावया."

त्याने दोन्ही डबे आतल्या खोलीत नेले आणि वायरी दाराखालून बाहेर काढल्या. स्विच भिंतीवर उभा ठोकला. आता तो डावीकडे-उजवीकडे नव्हे, वर-खाली फिरत होता. सुलोचना आत बसली. प्रत्येक फेरीला तिच्या मनाला येईल तशा वायरी बदलायच्या किंवा तशाच ठेवायच्या, आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचं. तोंडाने काही बोलायचं नाही. बारा फेऱ्या त्याच्या, बारा फेऱ्या जयरामच्या.

आधी जयराम बसला. हेडफोन कानावर आला आणि त्याचे हात मांडीवर निपचित झाले. कृष्णनाथाने ते बघितलं. "वर," तो म्हणे. "खाली. खाली. वर." मग कृष्णनाथ बसला. त्याने डोळे मिटले आणि फक्त कासाळ्यांकडे लक्ष दिलं. मिंगेल म्हणाला होता ते खरं होतं. एका डब्यात झणकार वाजून तिथेच संपत होता. दुसऱ्यात तो वाजून मग हळूहळू, मागच्या माणसांपर्यंत, मांडवाच्या कनातीपर्यंत जाऊन संपत होता. चवथीला तो मांडवात होता; तिथे तसंच ऐकू आलं होतं. दरवेळी त्याने तोच डबा सांगितला, आणि तो आपलाच असावा असं त्याला आतून फार वाटत होतं.

सुलोचना कॅलेंडर घेऊन बाहेर आली. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग कागद सरळ त्याच्याच हातात दिला. कृष्णनाथाने चष्मा लावून दोन्ही रकाने ताडून बघितले. एकदा, आणि पुन्हा एकदा. जयरामने बारापैकी नऊ वेळा फणसाची पेटी निवडली होती. कृष्णनाथाने अकरा वेळा.

त्याला वाईट वाटलं. सत्तावीस वर्षांचं एकदम वाटलं. पण संशयाची जी बारीक कळ रोज असायची, ती मात्र नव्हती.

"तुझी पेटी," तो म्हणाला. "माझ्याच कानान सांगला. अकरा वेळा."

जयरामने कागद मागितला. थरथरत्या हातात तो इतका हलत होता की वाचता येईना, म्हणून सुलोचनेने एका बाजूने धरला.

"तू डबे हलवलं नसतंस, तरी तुझीच लागली असती," कृष्णनाथ म्हणाला. "उजवीकडे ठेव, डावीकडे ठेव, माळ्यार ठेव."

जयरामने दोन्ही रकाने शेवटपर्यंत वाचले. मग त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"मगे मी काळोखात सायकल मारून कित्याक इल्लंय रे?" तो म्हणाला.

 कृष्णनाथाचा राग अजून गेलेला नव्हता. तो जायला चार-दोन आयतवार लागले असते. त्याने जयरामची पिशवी उघडली, आयर्न काढून प्लगला लावला आणि पिवळा डबा आणून त्याच्यापुढे मेजावर उघडा ठेवला.

"ता माका काय माहीत नाय," तो म्हणाला. "ह्यात काय चुकला, ता सांग."

जयरामने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, खिशातून चष्मा काढला आणि डब्यात वाकून बघितलं. थोड्या वेळाने त्याचं बोट, थरथरतच, एका रेझिस्टरवर जाऊन थांबलं. आयर्न तापेपर्यंत कृष्णनाथ सुलोचनेला दोन रंगांचा दोरा मागत होता.